हातचा एक

एकसष्ट मुलं.
सकाळची बस रिकामी झाली की लाइल हॉव्हलँड
आकडा तळहातावर लिहून आणतो,
मी तो फॉर्मात चढवते.
पूर्व मोंटानातल्या या शाळेची मी कारकून, खजिनदार,
आणि बुधवारी सूप वाढणारी.

वॉशिंग्टनच्या लेखी आमचं गाव म्हणजे त्रेचाळीस.
त्रेचाळीस म्हणजे ग्रामीण, दुर्गम.
शहरापासून आम्ही किती मैल, ते पुस्तिकेत आहे.
आमच्यापासून शहर किती, ते नाही.

माझ्या जन्माआधी कायद्यात लिहिलं गेलं
की ज्यांना जास्त लागतं त्या मुलांसाठी
शंभरातले चाळीस आम्ही देऊ.
चाळीस कधी आले नाहीत.
बारा येतात, एखाद्या वर्षी तेरा.
उरलेले आम्ही काढतो छपरातून, बसच्या टायरांतून,
दोन ट्रंपेटांतून. आता बँडमध्ये नुसते ढोल आहेत.

टोबिन आस्लुंड, वय नऊ.
बोलत नाही.
बॉयलरच्या खोलीच्या दारावर तळवा टेकून उभा राहतो,
आतली घरघर हातातून ऐकतो,
आणि मग दिवसभर शांत असतो.
मर्ना क्वाले त्याच्यासोबत, घंटी ते घंटी,
तिचं बोट धरल्याशिवाय तो जिना उतरत नाही.
मी मनात त्याला हातचा म्हणायचे.
हातचा खाली लिहीत नाहीत,
पण विसरला, की सगळी बेरीज चुकते.

फेब्रुवारीच्या सभेत बॉयलरचा विषय निघाला.
कुणीतरी म्हणालं, एकेकावर किती जातात, बघा.
नाव कोणी घेतलं नाही.
एकसष्ट मुलांच्या शाळेत नाव घ्यावं लागत नाही.
मी नियम वाचून दाखवला:
गेल्या वर्षी या मुलांवर जितकं खर्चलं
त्याहून कमी खर्चता येणार नाही.
वाचताना माझा आवाज चढला, ते इतिवृत्तात नाही.
खालचे अपवाद मी वाचले नाहीत.
पुस्तिका सगळ्यांच्या हातात होती.

ऑगस्टमध्ये कॅरिस आस्लुंड आली,
चोकचेरीच्या जेलीची बाटली टेबलावर ठेवून म्हणाली,
बिलिंग्जला जातोय.
तिथे बोलायला शिकवणारी बाई रोज असते,
इथल्यासारखी एक गुरुवार सोडून नाही,
बर्फ पडला तर पडद्यावर नाही.
थांब म्हणायला माझ्याकडे काय होतं?
दाखल्यावर सही केली.
बाहेर गाडीत टोबिन
बॉनेटवर हात ठेवता येईना म्हणून रडत होता.

अपवाद क्रमांक तीन:
विशेष खर्चाचं मूल जिल्हा सोडून गेल्यास.
चौकोनात खूण केली.
ताळा जमला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा
पहिल्याच फटक्यात जमला,
आणि मी पेन खाली ठेवून
जेली चमच्याने बाटलीतूनच खाल्ली,
अर्धी.

मर्ना आता हायवेवरच्या पंपावर असते.
सुटे पैसे देताना
गिऱ्हाइकाचा हात क्षणभर जास्त धरते, असं लाइल सांगतो.
लाइल काहीही सांगतो.

नवा बॉयलर ऑक्टोबरात आला.
आवाज करत नाही, हीच त्याची तारीफ.
रंगाऱ्याने विचारलं, दारही करून टाकू का,
इथे मधोमध, कंबरेएवढ्या उंचीवर,
रंग पार पुसलाय.
राहू दे, म्हटलं. यंदा पैसे नाहीत.

पैसे होते.